जहाजाचं वारायंत्र आणि आईच्या कुरडया

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर, आणि तोही अर्धाच तास, कारण बायकोला ऊन लागत होतं. पण त्याच्या कितीतरी आधी जहाजावरच्या यंत्रांचा जाणकार म्हणून जालना जिल्ह्यात माझं नाव झालं होतं. जिल्ह्यात दुसरा कुणी या वाटेला गेलाच नव्हता, त्यामुळे पहिला नंबर मिळवायला फार कष्ट पडले नाहीत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी एका सहकारी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होतो. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या कॉलनीतल्या काही बायका अजून धडधाकट आहेत आणि त्यांची स्मरणशक्तीही शाबूत आहे. जिथं जिथं काटा, दिवा किंवा आकडा असेल तिथं तो खरं बोलतोय की नाही हे बघणं, हे माझं काम. त्या वर्षी बॉयलरला नवा पीएलसी बसवला होता. पीएलसी म्हणजे करड्या कपाटात बसलेला एक छोटा संगणक. तो प्रेशर, तापमान, पाण्याची पातळी वाचतो आणि ठरवून दिल्याप्रमाणे व्हॉल्व्ह उघडतो, पंप बंद करतो. त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची. ती कमरेला लावून मी कॉलनीतून हिंडायचो. कसली किल्ली म्हणून कुणी विचारत नसे, तरी मी सांगायचो.

कॉलनी कारखान्याच्या पूर्वेला होती. उसाच्या चिपाडावर चालणाऱ्या बॉयलरच्या नळ्यांवर काजळी बसते. ती काढायला दर पाळीत एकदा नळ्यांवर वाफेचा झोत मारतात. नळ्या स्वच्छ होतात आणि सगळी काजळी चिमणीतून वर जाऊन, वारा असेल तिकडे अलगद उतरते. उन्हाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणजे काजळी आमच्यावर. धुतलेल्या बनियनवर, पाण्याच्या बादलीत, बाळाच्या दुपट्यावर, सगळीकडे बारीक काळ्या काड्या. त्यात गळिताचा शेवट आणि बायकांच्या वाळवणाचे दिवस नेमके एकाच वेळी यायचे.

यावर बायकांनी एक रीत पाडली होती. गच्चीवर पापड-कुरडया घातल्या की पाण्याच्या टाकीच्या शिडीला लाल लुगडं बांधायचं. बॉयलर फोरमनला ते वरच्या प्लॅटफॉर्मवरून दिसायचं आणि लुगडं उतरेपर्यंत तो झोत टाळायचा. टाळायचा म्हणजे त्याची मर्जी असेल तर. ज्या घरात त्याला चहा विचारला जात नसे, त्या घरचं वाळवण असलं की त्याला लुगडं नेमकं दिसत नसे. यावरून हंगामात दोन-चार तरी भांडणं व्हायची, आणि ती मिटवायला चीफ केमिस्टच्या बायकोला, म्हणजे अख्ख्या कॉलनीच्या काकूंना, मध्ये पडावं लागायचं.

मला त्या लुगड्याचा फार राग यायचा. एवढा पीएलसी बसवलेला कारखाना, आणि त्याचा कारभार लुगड्यावर! जालन्याच्या पॉलिटेक्निकमध्ये याचसाठी का शिकलो, असं मी स्वतःला विचारायचो. खरं तर शिकलो होतो ते नोकरी लागावी म्हणून, पण रागाच्या भरात माणसाला स्वतःबद्दल काहीही वाटतं.

जालन्यातल्या सळयांच्या कारखान्यांना भंगार लागतं. त्या काळी गुजरातच्या किनाऱ्यावर तोडलेल्या जहाजांचा मालही ट्रकनं यायचा. लोखंड भट्टीत जायचं. दिवे, नळ, घड्याळं, स्टीलची बेसिनं असलं उरलंसुरलं एका भंगारवाल्याच्या शेडमध्ये येऊन पडायचं. सुट्टीच्या दिवशी लोक सासुरवाडीला जातात तसा मी तिथं जायचो. एकदा ढिगाऱ्यात मला वाऱ्याचं यंत्र दिसलं. तीन वाट्यांचं फिरतं चक्र, वाऱ्याकडे तोंड करणारी पाती, त्याचा डिस्प्लेचा डबा, आणि त्याच वायरीला लटकलेला एक जीपीएस.

"चालू आहे का?" मी विचारलं.

"बिलकुल चालू हाये, सायेब," भंगारवाला म्हणाला. "जहाज बुडालेलं न्हाई, तोडलेलं हाये."

एवढी खात्री मला पुरली. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात सगळा आराखडा तयार होता. हे यंत्र कारखान्याच्या छतावर लावायचं. वारा पश्चिमेचा असला की फोरमनच्या पॅनेलवर लाल दिवा, दुसरीकडचा असला की हिरवा. हिरव्यावरच झोत मारायचा. लुगडं नको, चहा नको, भांडण नको.

अडचण एकच होती. जहाजाचं यंत्र आणि पीएलसी यांची भाषा वेगळी. जहाजाचं यंत्र दर सेकंदाला एक आख्खं वाक्य बोलतं. डॉलरच्या चिन्हानं सुरुवात, मग स्वल्पविराम देत देत वाऱ्याची दिशा, वेग, आणि शेवटी बेरीज बरोबर आहे की नाही याचा ताळा. कुणी ऐको न ऐको, ते आपलं बोलत राहतं. पीएलसी याच्या उलट. तो विचारेल तेव्हाच बोलायचं, आणि तेही नुसत्या आकड्यात, नंबर दिलेल्या खणात घालून. तेव्हा मधे एक दुभाष्या हवा. इंग्रजीत त्याला प्रोटोकॉल कन्व्हर्टर म्हणतात. आज तो तयार मिळतो. मी तो स्वतः बनवला, अॅल्युमिनियमच्या जेवणाच्या डब्यात. त्यासाठी लागलेले महिने मोजत नाही, पण मधल्या काळात आईनं माझ्यासाठी पाहिलेली दोन स्थळं मी न बघताच परत गेली.

ज्या दिवशी पीएलसीच्या पडद्यावर वाऱ्याची दिशा उमटली, त्या दिवशी मी चेअरमनसाहेबांना बोलावून आणलं. त्यांना वाऱ्यात रस नव्हता. त्यांनी जीपीएसकडे बोट दाखवलं.

"म्हंजे आपला कारखाना कुठं हाये हे आता वर उपग्रहाला समजून राह्यलं का?"

मी हो म्हणालो. ते इतके खूश झाले की त्यांनी पुढच्या आठवड्यात दोन संचालकांना हेच दाखवायला आणलं. जीपीएसचा या कामाशी काही संबंध नव्हता. भंगारात सोबत आला म्हणून मी तो जोडला होता, आणि जोडला होता म्हणून काढवत नव्हता. शिवाय त्याचा अँटेना मी ऑफिसात, पत्र्याच्या छताखाली ठेवला होता. तिथं त्याला एकही उपग्रह दिसत नव्हता. चेअरमनना मी दाखवले ते अक्षांश-रेखांश त्याच्या मेमरीत राहिलेले होते, आणि ते बहुधा अरबी समुद्रातले होते. संचालकांना ते बरोबर वाटले.

बाकी यंत्र मात्र चोख चाललं. वारा पश्चिमेचा झाला की दिवा लाल, फिरला की हिरवा. कित्येक दिवस कॉलनीवर काजळीचा कण पडला नाही. फोरमन जरा हिरमुसला, कारण त्याचे चहा कमी झाले. काकूंनी मला घरी बोलावून शेवयांची खीर दिली. तिथंच मी जाहीर केलं, "काकू, ते टाकीवरचं लुगडं आता काढून टाका. मशीन बघेल सगळं." काकूंनी लुगडं सोडलं, धुतलं आणि घडी घालून ठेवलं.

त्याच सुमारास माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. वडील जाऊन काही वर्षं झाली होती. आई आणि बहीण परतूरला राहायच्या. मुलाकडचे जालन्याचे, शिकलेली नोकरदार माणसं. आम्हाला देणंघेणं, रुखवत, काही नको, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. तरी आईनं रुखवताचं मनावर घेतलं. रुखवत म्हणजे लग्नात मांडवात टेबलावर मांडायच्या मुलीकडच्या वस्तू: पापड, कुरडया, शेवया, कलाकुसर. मी आईला म्हणालो, ते नको म्हणतायत तर कशाला त्रास.

"ते नको म्हणून राह्यले, हा त्यांचा चांगुलपणा," आई म्हणाली. "पण बाप न्हाई म्हणून पोरीचं टेबल सुनं होतं, असं कुणी बोलायला नको. दुसरं काय बी विकत आणू. कुरडया माह्या हातच्याच."

परतूरला आमच्या घराला लागून जिनिंग होतं. तिथं वाळवण घातलं की त्याला कापसाचं तूस चिकटायचं, आणि तळताना कुरडईला मिशा आल्यासारखं दिसायचं. मी छाती फुगवून म्हणालो, "माझ्याकडे ये. कॉलनीत आता हवा कशी स्वच्छ असते ते बघच." आई गहू घेऊन आली. बहीणही आली. तीन दिवस गहू भिजला, वाटला, चीक निवळत ठेवला. कॉलनीतल्या बायकांनी आपापले सोरे घासून ठेवले, कारण कुरडया एकटीनं होत नाहीत.

कुरडया घालायच्या आदल्या संध्याकाळी मी ऑफिसात बसलो होतो. सगळं तयार होतं, आता काही करायचं नव्हतं, आणि नेमकं तेच मला जमत नाही. मला जीपीएसच्या पडद्यावर "उपग्रह शून्य" दिसलं. उद्या आईला कपाट उघडून दाखवायचं, आणि त्यात ही अर्धवट गोष्ट? मी शिडी लावली, पत्र्याला भोक पाडलं आणि अँटेना बाहेर उघड्यावर बसवला. थोड्या वेळानं पडद्यावर उपग्रह दिसायला लागले. एक, दोन, चार. मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

सकाळी उजाडायच्या आत गच्चीवर चूल पेटली. काकू चीक ढवळत होत्या. आई सोऱ्या दाबत होती. प्रत्येक कुरडई एकसारखी गोल, मधे भोक न राहता, कडा न तुटता. आईच्या कुरडईकडे बघून ती हातानं केली यावर विश्वास बसत नसे. बायकांनी गरम चीक साखर घालून मलाही दिला. आख्खी गच्ची पांढरी झाली. आईनं कमरेवर हात ठेवून ती एकदा पाहिली आणि मला म्हणाली, "बापानं बघायला पायजे होतं." मग ती पहिल्यांदाच आडवी व्हायला खाली गेली. मी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून कारखान्यात गेलो.

दुपारी जेवायला घरी निघालो तर कॉलनीच्या फाटकातच मला आरडाओरडा ऐकू आला. गच्चीवर गेलो. कुरडयांवर काजळी पडली होती. थोडीथोडकी नव्हे. ओल्या कुरडयांना काळ्या काड्या चिकटून बसल्या होत्या, प्रत्येक घडीत, प्रत्येक वळणात. काकू पदरानं एक कुरडई पुसत होत्या आणि पुसल्यानं ती आणखी काळी होत होती. आई एका बाजूला बसली होती. रडत नव्हती.

मी उलट्या पावली बॉयलरवर पळालो आणि फोरमनवर ओरडलो.

"मी वर गेल्तो, सायेब," तो शांतपणे म्हणाला. "लुगडं न्हाई. दिवा हिरवा. मंग मारला झोत. तुम्हीच सांगितल्तं, दिव्याकडं बघायचं, आभाळाकडं न्हाई."

वारा सरळ पश्चिमेचा होता, माझ्या शर्टाची बाही फडफडत होती, आणि पॅनेलवर दिवा खरंच हिरवा होता. मी कपाट उघडून पडद्यासमोर बसलो. वाऱ्याची दिशा दर थोड्या वेळानं बदलत होती. पूर्व, दक्षिण, वायव्य, परत पूर्व. मग माझी नजर जीपीएसच्या ओळीवर गेली. वेग: अर्धा नॉट, म्हणजे ताशी जेमतेम एक किलोमीटर. दिशा: ईशान्य. थोड्या वेळानं, दिशा: नैर्ऋत्य.

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. जहाजावर पाती वाऱ्याची दिशा सांगते ती जहाजाच्या नाकाच्या हिशेबानं. नाक कुठे आहे हे यंत्र जीपीएसला विचारतं, कारण जहाज ज्या दिशेला चाललंय तिकडेच त्याचं नाक असणार. पण जागेवर उभ्या असलेल्या वस्तूला जीपीएस कधी शांत बसू देत नाही. उपग्रहांचा हिशेब थोडा इकडे तिकडे होत राहतो आणि त्याला वाटतं आपण सरकतोय. अँटेना पत्र्याखाली होता तोवर जीपीएस आंधळा होता, आंधळा होता म्हणून गप्प होता, आणि गप्प होता म्हणून यंत्र आपलं नाक उत्तरेला धरून बरोबर बोलत होतं. मी त्याला दृष्टी दिली आणि तो आमचा आख्खा कारखाना, चिमणी, गोदाम, वजनकाट्यावरच्या बैलगाड्यांसकट, गावभर हिंडवायला लागला.

चूक सापडायला दहा मिनिटं लागली नाहीत. अँटेनाची वायर उपटली, नाक उत्तरेला बांधून टाकलं, दिवा ताबडतोब लाल झाला. त्यानंतर ते यंत्र मी नोकरी सोडेपर्यंत एकदाही चुकलं नाही. पण त्या दिवशी या गोष्टीचा कुणाला काही उपयोग नव्हता. गहू परत भिजवून चीक काढायला वेळ नव्हता. लग्न तोंडावर आलं होतं.

मी घरी जाऊन आईला सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला. जहाज, नाक, उपग्रह. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजे कारखाना जागचा हलत न्हाई, हे त्या मशीनला ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं."

"आन तुला?"

मी जेवायला वाढून घेतलं आणि ताट तसंच ठेवलं.

संध्याकाळी काकू आल्या. हातात पत्र्याचा डबा, त्यात त्यांच्या घरच्या कुरडया. मागून दुसरी बाई, मग तिसरी. रात्रीपर्यंत आमच्या खोलीत डबे ठेवायला जागा राहिली नाही. कुणाच्या कुरडया जाड, कुणाच्या पिवळसर, कुणाच्या एवढ्याशा. आईनं सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, हात जोडले. रुखवताचं टेबल सुनं राहणार नव्हतं. मग तिनं आपल्या काळ्या कुरडया वाळवून गोणीत भरल्या आणि म्हणाली, "म्हशीला घालू."

लग्न परतूरला होतं. सकाळी मांडवात मी टेबलावर कुरडया रचत होतो, मोठ्या खाली, लहान वर, म्हणजे सोळा घरच्या आहेत हे लक्षात येऊ नये म्हणून. बहीण हळदीच्या अंगानं तिथं आली. तिच्या हातात ती गोणी होती.

"ह्या मधी ठेव," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? पाहुणे काय म्हणतील?"

"दादा, तुला तुह्या मशीनची लाज वाटून राह्यली, ती तुह्यापाशी ठेव. आईच्या कुरडयाची मला लाज न्हाई."

आई धावत आली. दोघींची कुजबुजत बाचाबाची झाली. आई म्हणत होती, नको, लोक हसतील. बहीण तरी एकेक कुरडई काढून टेबलाच्या मधोमध मांडत राहिली. तेवढ्यात मुलाकडच्या बायका रुखवत बघायला आल्याच. पुढे नवऱ्या मुलाची आई. जरीचं पातळ, चष्मा. त्या टेबलापाशी थांबल्या, वाकल्या आणि मधली एक कुरडई उचलून उजेडात धरली. एवढी गोल, एवढी बारीक.

"किती सुबक आहेत," त्या म्हणाल्या. "तीळ घातलेत का हो?"

एक हो म्हटलं असतं तर भागलं असतं. मी तोंड उघडलंही होतं. बहिणीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं.

आईनं पदर सावरला. "न्हाई," ती म्हणाली. "कारखान्याची राख पडली त्याच्यावर. खायच्या न्हाईत त्या. बाकीच्या आमच्या शेजारणींनी दिल्या, त्या चांगल्या हायेत. पण माह्या हातच्या एवढ्याच."

त्या बाई कुरडईकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ती परत टेबलावर ठेवली नाही. आपल्या रुमालात गुंडाळली, पर्समध्ये ठेवली आणि आईचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "मग मी हीच नेते."

आई तेव्हा रडली. वडील गेल्यानंतर तिला चारचौघांत रडताना मी प्रथमच पाहिलं. मलाही आवरेना. मी मांडवाच्या खांबाशी गेलो आणि पंख्याची वायर तपासायला लागलो. वायरीला काहीच झालेलं नव्हतं, पंखा चांगला फिरत होता, तरी मी बराच वेळ ती तपासत उभा राहिलो.